‘जोर’ कुठे लागतो? रोजच्या प्रश्नांतून यांत्रिकी शिकवणाऱ्या संचाचं परीक्षण

‘गाडी जोरात चाललीय’ म्हटलं की गाडीचा वेग जास्त आहे. ‘जरा जोर लाव’ म्हटलं की बल जास्त लाव. मराठीत एकाच शब्दात वेगही मावतो आणि बलही. नववीत ‘गतीचे नियम’ हा धडा सुरू होतो तेव्हा हे दोन्ही अर्थ मुलांच्या डोक्यात चौदा वर्षं एकत्र नांदलेले असतात. म्हणून न्यूटनचा पहिला नियम (बल नसलं तरी चालती वस्तू त्याच वेगानं सरळ चालत राहते) घडाघडा म्हणणारा मुलगाही मनात हेच धरून बसतो की वस्तू पुढे चाललीय म्हणजे तिच्यावर पुढच्या दिशेनं बल आहेच. सेमी इंग्लिशच्या वर्गातही सुटका नाही. ‘नळाला आज फोर्स नाही’ हे वाक्य त्यांनी घरी रोज ऐकलेलं असतं, आणि तिथला फोर्स म्हणजे पाण्याचा दाब किंवा प्रवाह. यांत्रिकी शिकवायचं कुठलंही साहित्य हाती आलं की पहिली कसोटी हीच लावायची: या ‘जोरा’ची फोड ते करतं का?

नागपुरात बर्डीवरच्या शालेय प्रयोगसाहित्याच्या दुकानांत सध्या एक संच मिळतो. साठ प्रश्नपत्ते, आणि सोबत खोक्यात १० न्यूटनचे दोन ताणकाटे (बल मोजायचे स्प्रिंगचे काटे; न्यूटन हे बलाचं एकक), ५० ग्रॅमची दहा खाचेची वजनं, सुमारे ५०० ग्रॅमची चार चाकांची गाडी, १२० सेंटिमीटरची प्लायची फळी, दोन कप्प्या, दोरा, पट्टी आणि स्टॉपवॉच. किंमत अडीच हजारांच्या आसपास. एकाच घडणीचा माल वेगवेगळ्या खोक्यांतून विकला जातो, त्यामुळे नावापेक्षा आतलं सामान बघून घ्यावं. मत आधीच सांगायचं तर पत्ते उत्तम आहेत, सामान मध्यम आहे, आणि एका पत्त्यावरचं उत्तर चक्क चूक आहे.

पत्त्यांची रीत अशी. समोर प्रश्न आणि चार पर्याय. मुलानं आधी वहीत आपलं उत्तर लिहायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग मोजायचं, आणि शेवटी पत्ता उलटायचा. यातली पहिली पायरी गाळली तर सगळा खटाटोप वाया जातो. आधी लिहून ठेवलेलं नसेल तर उत्तर कळल्यावर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला हेच म्हणायचं होतं. एक अडचण मात्र आहे. पत्त्याचा कागद पातळ आहे, खिडकीकडे धरला की मागचं उत्तर उलटं दिसतं. मागच्या बाजूला जाड खाकी कागद फक्त वरच्या कडेला चिकटवला, म्हणजे उचलून उत्तर वाचता येईल असा, की काम भागतं.

सगळ्यात मोलाचा पत्ता संत्र्याचा. संत्रं सरळ वर फेकलं. हातातून सुटून वर जाताना, अगदी टोकाला असताना आणि खाली येताना, अशा तिन्ही ठिकाणी त्यावरची बलं बाणांनी दाखवा. बहुतेक मुलं ठरलेलं चित्र काढतात. वर जाताना एक मोठा बाण वर आणि एक छोटा खाली, टोकाला दोन सारखे बाण किंवा काहीच नाही, खाली येताना एक बाण खाली. वरच्या बाणाला नाव काय, असं विचारलं की उत्तर येतं, ‘हाताचा जोर राह्यते ना त्यात अजून!’

खरं उत्तर तिन्ही ठिकाणी एकच. १५० ग्रॅमच्या संत्र्यावर खाली सुमारे दीड न्यूटनचा एक बाण, दुसरं काही नाही. सेकंदाला ६ मीटरच्या वेगानं फेकलेल्या संत्र्यावर हवेचा विरोध ०.०४ न्यूटनच्या आसपास असतो, म्हणजे वजनाच्या तीन टक्क्यांपेक्षाही कमी. तो सोडून दिला तरी चालतो. हात सुटला त्या क्षणी हाताचं बल संपलं. पत्त्याच्या मागे एवढं नीट लिहिलंय, पण ज्या प्रश्नानं गाठ सुटते तो छापलेला नाही आणि तो शिक्षकानंच विचारायला हवा. टोकाला बल शून्य असतं तर पुढच्या क्षणी संत्र्यानं काय केलं असतं? थोडा वेळ वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं की तिथेच लटकून राहिलं असतं. टोकाला शून्य होतो तो वेग. बल आणि त्वरण (वेग बदलण्याचा दर) जसंच्या तसं असतं.

इथे मुलाला ‘तुझं चूक’ म्हणून पुढे जाऊ नये. संत्र्यात हाताकडून आलेलं काहीतरी खरंच शिल्लक आहे, फक्त त्याचं नाव बल नाही. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदाँ या पंडितानं जवळपास हेच मांडलं होतं: फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरतो आणि ती वस्तूला पुढे नेते. नववीच्या भाषेत त्या शिल्लक गोष्टीच्या सगळ्यात जवळ जातो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. १५० ग्रॅम आणि सेकंदाला ६ मीटर, गुणाकार ०.९ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. वर जाताना गुरुत्वाकर्षण तो खात जातं, आणि साधारण ०.६ सेकंदात, १.८ मीटर उंचीवर, तो संपतो. म्हणजे ‘जोर’ या एका शब्दात वेग, बल आणि संवेग असे तिघं दडलेले. फळ्यावर ‘जोर’ लिहून त्याला तीन फाटे काढावेत आणि धडा संपेपर्यंत ते पुसू नयेत.

दुसरा चांगला पत्ता क्रेटचा. कळमन्याच्या बाजारात २० किलोचा संत्र्यांचा क्रेट फरशीवरून सरकवायचाय. दोरी बांधून तिरकं वर ओढावं, की मागून तिरकं खाली ढकलावं? ‘सारखंच’ हा पर्याय सर्वाधिक निवडला जातो. घर्षणांक (घर्षण हे दाबणाऱ्या बलाच्या किती पट, तो आकडा) ०.४ आणि कोन ३० अंश धरून हिशोब केला तर सरळ आडवं ओढायला ७८ न्यूटन लागतात, तिरकं वर ओढायला ७४, आणि तिरकं खाली ढकलायला ११८. वर ओढताना दोरी क्रेटला थोडं उचलते, फरशीवरचा दाब कमी होतो आणि घर्षणही कमी होतं. ढकलताना आपणच क्रेट फरशीवर दाबतो. वर्गात २० किलो नको. लाकडी ठोकळ्यावर खाचेची वजनं ठेवून एक किलो करायचं, म्हणजे आकडे ३.९, ३.७ आणि ५.९ न्यूटनच्या आसपास येतात. ओढण्याचे दोन आकडे ताणकाट्यावर वाचता येतात. ढकलण्याचा मात्र नाही, कारण ताणकाट्यानं ढकलता येत नाही. पत्त्यावर याचा उल्लेख नसल्यानं मुलं अडतात. त्याला उपाय म्हणजे ठोकळ्याच्या पुढच्या बाजूला हूक लावून दोरी तिरकी खाली, टेबलाच्या कडेखाली ओढायची. बलाची दिशा तीच राहते.

हे मोजताना पहिला झटका बघू नये. ठोकळा हलायच्या क्षणी काटा वर जातो आणि सुटला की खाली येतो. स्थितिक घर्षण जास्त, गतिक कमी. एकसारख्या संथ गतीनं ओढत असतानाचा आकडा घ्यायचा, आणि तोही तीन वेळा.

ताणकाट्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अर्धे प्रयोग त्यांच्यावरच उभे आहेत. ताणकाटा उभा धरून शून्यावर आणलेला असतो, म्हणजे त्याच्या हुकाचं आणि दांडीचं वजन स्प्रिंगवर आधीच लोंबतंय असं धरलेलं असतं. तोच काटा आडवा धरला की ते वजन स्प्रिंगवरून उतरतं आणि काटा शून्याच्या खाली सरकतो. आडवं ओढून घेतलेला प्रत्येक आकडा मग थोडा कमी येतो. म्हणून दिशा बदलली की वरचा स्क्रू फिरवून शून्य पुन्हा लावायचं. संचातल्या एका काट्याचा स्क्रू इतका घट्ट असतो की पक्कड लावावी लागते, आणि पक्कड लावली की प्लास्टिकची टोपी फुटते. दुसरी भीती दप्तराची. मुलं हमखास दप्तर अडकवून बघतात. १० न्यूटन म्हणजे एक किलोच्या आतबाहेर, आणि दप्तर त्याच्या चौपट-पाचपट. एकदा स्प्रिंग मर्यादेबाहेर ताणली की ती मूळ लांबीला परत येत नाही, आणि तो काटा पुढे कायम चुकीचं सांगत राहतो.

मात्र दोन सारखे काटे दिलेत ही या संचातली शहाणपणाची गोष्ट. दोन्ही हूक एकमेकांत अडकवायचे आणि दोन मुलांना ओढायला लावायचं, एक दणकट, एक किरकोळ. कुणाचा काटा जास्त दाखवेल? अख्खा वर्ग दणकट मुलाकडे बोट दाखवतो. दोन्ही काटे सारखेच दाखवतात. मग एक काटा खिडकीच्या गजाला अडकवायचा: गज काही ‘जोर लावत’ नाही, तरी तिथला काटाही तेवढंच दाखवतो. क्रिया-प्रतिक्रिया हा नियम यापेक्षा स्वस्तात दाखवता येत नाही. दोन्ही काटे मात्र एकाच दिशेत शून्यावर आणलेले हवेत, नाहीतर नियमच खोटा आहे असं मुलं ठरवून मोकळी होतात.

लिफ्टचा पत्ता गमतीचा आहे आणि मुलांना आवडतो. वजनकाट्यावर उभं राहून लिफ्टनं वर जायचं आणि सुटताना व थांबताना आकडा बघायचा. लिफ्टचं त्वरण ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर ६० किलोच्या माणसाला सुटताना जवळपास ६५ किलो दिसतात, थांबताना ५५, आणि मधल्या सगळ्या प्रवासात ६०. हे मधले ६० महत्त्वाचे. लिफ्ट वर चाललीय, ‘जोरात’ चाललीय, तरी जास्तीचं बल शून्य. घरातले बरेच डिजिटल काटे पहिला आकडा धरून गोठून बसतात आणि काहीच बदलत नाही. जुना सुईचा, तबकडीचा काटा घ्यावा. पत्त्यावर ही सूचना हवी होती.

मेट्रोचा पत्ताही त्याच जातीचा. ३० सेंटिमीटर दोऱ्याला नट बांधायचा, हात खांबाला टेकवून धरायचा. गाडी सुटताना नट मागे जातो, ब्रेक लागताना पुढे. त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असलं तर दोरा साडेपाच-सहा अंश कलतो आणि नट ३ सेंटिमीटर बाजूला जातो. सोबत पाण्याची बाटली आडवी धरली तर आतला बुडबुडा नटाच्या बरोबर उलट्या दिशेला पळतो. मुलांना हे आधी अजिबात पटत नाही. पाणी बुडबुड्यापेक्षा जड, ते मागे राहतं आणि बुडबुड्याला पुढे रेटतं, एवढंच कारण आहे.

कुलरचा पत्ता तर इथल्याच मातीतला. लोखंडी स्टँडवरचा कुलर रिकामा असताना लवकर कलंडेल की भरलेला? ‘भरलेला, कारण जड’ असं उत्तर येतं. २५ किलोचा कुलर, मोटर-पंखा वर असल्यानं रिकाम्याचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) तळापासून ६० सेंटिमीटरवर धरू. टाकीत ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत ६० लिटर पाणी भरलं की पाण्याचा मध्य १५ सेंटिमीटरवर, आणि दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे २८ सेंटिमीटरवर उतरतो. भरलेला कुलर जड तर आहेच, पण बुडाशी जड आहे. रिकामाच लवकर कलंडतो. याचं प्रतिरूप खपटाच्या उभ्या डब्यात खाली किंवा वर वजनं चिकटवून दोन मिनिटांत करता येतं.

आता चुकीचा पत्ता. सायकलवरचा आहे आणि त्याच्या मागे छापलंय की घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध दिशेनं असतं. हे चूक आहे, आणि चांगलीच महागात पडणारी चूक आहे, कारण मग सायकल पुढे कशानं जाते याचं उत्तरच उरत नाही. पायडल मारताना मागचं चाक रस्त्याला मागे ढकलतं, आणि रस्ता घर्षणानं चाकाला पुढे ढकलतो. मागच्या चाकावर घर्षण पुढे, पुढच्या चाकावर थोडंसं मागे, आणि ब्रेक दाबले की दोन्हीकडे मागे. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरण्याला. आपण चालतो तेही याच पुढच्या दिशेच्या घर्षणावर. म्हणून तर ओल्या टाइल्सवर पाऊल मागे सटकतं. पत्ता फेकू नये. मागचं उत्तर झाकून प्रश्न वापरावा, कारण प्रश्न अस्सल आहे.

ब्रेकचा पत्ता वर्धा रोडवरच्या दुचाकीचा आहे. ताशी ४० किलोमीटर आणि घर्षणांक ०.७ असेल तर ब्रेक लागल्यापासून गाडी ९ मीटरवर थांबते, ताशी ६० असेल तर २० मीटरवर. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. पहिल्या पावसानं रस्ता ओला होऊन घर्षणांक ०.४ वर आला की ४० च्या वेगालाही जवळपास १६ मीटर लागतात. यात ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरलेला नाही, आणि तो एक सेकंद धरला तरी ४० च्या वेगात ११ मीटर आधीच गेलेले असतात. हा वेळ मोजायला संचातली पट्टी आहे: एकानं सोडायची, दुसऱ्यानं चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटर घसरली तर ०.२ सेकंद. चालत्या गाडीवर बेसावध माणसाला याच्या कित्येक पट वेळ लागतो, हे पत्त्यावर नीट लिहिलंय.

फळी आणि गाडीचा प्रयोग सगळ्यात जास्त फसतो. गाडीला दोरा, दोरा कप्पीवरून खाली, टोकाला ५० ग्रॅम. मुलं त्वरण ०.९८ काढतात, कारण ०.४९ न्यूटनला ते ०.५ किलोनं भागतात. पण खाली लोंबणारं वजनही गाडीबरोबर पळतंय, भागायचं ०.५५ नं, म्हणजे ०.८९. मग ८० सेंटिमीटर जायला १.३४ सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्षात दीड लागतात. कारण पहिलं, चाकांचं घर्षण. त्याची भरपाई अशी: दोरा न बांधता फळीचं एक टोक खाली कागद घालत उचलत जायचं, आणि हलकेच ढकलल्यावर गाडी एकसारख्या वेगानं जाऊ लागली की थांबायचं. १२० सेंटिमीटरच्या फळीला दीड-दोन सेंटिमीटर पुरतात. कारण दुसरं, संचातल्या कप्प्या. त्यांचं भोक आसापेक्षा जेमतेम मोठं, त्यामुळे त्या अडखळतात. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ६०८ नंबरचं बेअरिंग, आतून ८ आणि बाहेरून २२ मिलिमीटरचं. त्यातलं ग्रीस रॉकेलनं धुऊन काढलं की ते लोण्यासारखं फिरतं. दोरा फळीला समांतर हवा. तिरका असला तर थोडं बल गाडी उचलण्यात जातं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत १२ मिलिमीटरची प्लाय मधे वाकते, तेव्हा ती उभी टेकवून न ठेवता आडवी ठेवावी.

स्टॉपवॉचचा एक पत्ता मात्र वापरूच नये: पहिल्या मजल्यावरून चेंडू सोडून गुरुत्व त्वरण काढण्याचा. ३.२ मीटर उंचीवरून चेंडूला ०.८१ सेकंद लागतो. बोटाची चूक सहज ०.१ सेकंदाची, आणि तेवढ्यानं उत्तर ७.७ पासून १२.७ पर्यंत कुठेही जातं. त्याच स्टॉपवॉचनं एक मीटरचा लंबक घ्यावा. वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद लागतात, ०.२ सेकंद चुकलं तरी उत्तरात एक टक्काच फरक. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, झोका दहा अंशांच्या आत. नागपूरला ९.७९ च्या आसपास यायला हवं. चेंडूच सोडायचा हट्ट असेल तर मोबाइलवरचं फायफॉक्स हे मोफत अॅप घ्यावं. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच बोटापेक्षा कितीतरी पक्कं आहे.

महागड्या आवृत्तीत प्रकाशफाटकाचं (गाडीनं प्रकाशकिरण अडवला की वेळ नोंदणारं) इलेक्ट्रॉनिक घड्याळ येतं. त्यातला संवेदक अवरक्त प्रकाशावर चालतो आणि खिडकीतलं थेट ऊन पडलं की आंधळा होतो. इथल्या वर्गात सकाळी दहानंतर तो वापरायचा तर पडदे हवेत. तेवढे पैसे वाचवून आणखी दोन ताणकाटे घेतलेले बरे.

दुकानातच खोकं उघडून बघावं. थोडा वेळ लागेल अशी एकच तपासणी: अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली आधी दुकानाच्या काट्यावर तोलावी आणि मग दोन्ही ताणकाट्यांना एकेक करून लावावी. ५२० ग्रॅम भरली तर ५.१ न्यूटन दिसायला हवं, दोन्हीकडे सारखं. बाटली काढल्यावर काटा शून्यावर परत आला नाही तर तो काटा बदलून मागावा. मग गाडी टेबलावर उलटी करून चारही चाकांना टिचकी मारावी. एखादं चाक दोन फेऱ्यांत थांबत असेल तर दुसरी गाडी काढायला सांगावी.